‘स्थानिक शेतकरी’ हा संदर्भ नव्हे

गेल्या खरिपानंतर या वार्तापत्राकडे आलेला एक लेख तपासताना मी एका वाक्यापाशी थांबलो. ‘स्थानिक शेतकऱ्याकडून मिळालेल्या बियाण्यातून निवड पद्धतीने’ एक आशादायक वाण हाती आल्याचे त्यात म्हटले होते. लेखाखाली संदर्भसूची होती. लेखक, वर्ष, नियतकालिक, पृष्ठक्रमांक, सारे नियमानुसार. नोएडात बसून ज्या संगणकप्रणालीने आम्ही मजकुरातील साम्य तपासतो, तिनेही लेख निर्दोष ठरवला. ज्याच्या शिवारातून बियाणे आले, त्याचे मात्र ना नाव होते, ना गाव.

लेखकाला विचारले, तेव्हा उत्तर आले की शेतकऱ्याने काही प्रकाशित केलेले नाही, मग संदर्भ कशाचा द्यावा? हे उत्तर प्रामाणिक होते आणि म्हणूनच अधिक चिंताजनक होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या मर्यादांनुसार कारवाई. ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु ती शब्द मोजते. बियाणे कोणाच्या बांधीतून उचलले, निरीक्षण प्रथम कोणी केले, हे मोजणारी प्रणाली अद्याप कोणाजवळ नाही. छापील वाक्याची चोरी पकडली जाते. न छापलेल्या ज्ञानाची चोरी, चोरी म्हणून ओळखलीही जात नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंत आणि शेती जेमतेम दीड एकर. १९८३ साली ‘पटेल-३’ या धानाच्या पिकात त्यांना पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या राखून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्ष वाढवत नेल्या. बारीक दाण्याचा हा तांदूळ बाजारात गेला, तेव्हा त्या काळात लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. पुढे तो विदर्भाबाहेरही पसरला.

वाद सुरू झाला तो १९९४ नंतर. खोब्रागडे यांचे म्हणणे असे की कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने प्रयोगासाठी त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले. १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. मूळ बियाण्याचे शुद्धीकरण आपण केले, अशी विद्यापीठाची भूमिका राहिली. त्यांच्या कामाला मान्यता मिळण्यास २००५ साल उजाडले. त्या वर्षी राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला आणि २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिले. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या प्रकरणात विद्यापीठाच्या कामाला शून्य ठरवण्याचे कारण नाही. शुद्धीकरण हे काम आहे, बहुस्थानी चाचण्या हे काम आहे, मूलभूत बियाण्याची साखळी उभी करणे हेही काम आहे. पण नंतरच्या श्रमांमुळे आधीच्या श्रमांचा उल्लेख गळून पडतो का, हा प्रश्न राहतोच. आणि येथे एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. ‘पटेल-३’ हा वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. जे. पी. पटेल यांचा. आपली निवड ‘पटेल-३’ मधून झाली, हे खोब्रागडे यांनी कधी लपवले नाही. वैज्ञानिकाकडून शेतकऱ्याकडे आलेल्या टप्प्याचा उल्लेख तिसरी शिकलेल्या माणसाने केला. शेतकऱ्याकडून वैज्ञानिकाकडे गेलेल्या टप्प्यावर मात्र वीस वर्षांहून अधिक काळ वाद चालला.

उल्लेख हा केवळ सौजन्याचा भाग आहे, असे मानणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेसे व्हावे. १९७० च्या दशकात आशियातील भातावर ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूजन्य रोगाचे संकट आले. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांत उपयोगी प्रतिकारशक्ती आढळली ती ‘ओरायझा निवारा’ या रानटी भाताच्या एकाच नमुन्यात. तो नमुना आमच्या या उत्तर प्रदेशातला होता. त्यातून आलेले जनुक ‘आयआर-३६’ सारख्या वाणांत गेले. नमुन्याला क्रमांक होता आणि तो कोठून आला याची नोंद होती, म्हणूनच त्याचे मूळ आज सांगता येते. ज्या पाकिटावर नुसते ‘स्थानिक’ असे लिहिलेले असते, त्याच्या मूळ जागी कोणालाही परत जाता येत नाही. नवा रोग आला, प्रतिकार मोडला, तर शोध कोठून सुरू करणार?

१९९८ साली हा सर्व नीतीचा प्रश्न होता. आज तो कायद्याचाही आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि त्याखालील प्राधिकरण २००५ पासून दिल्लीत आहे. वाणाच्या नोंदणीसाठी अर्ज करणाऱ्याने मूळ जननद्रव्य कोठून घेतले आणि त्यात कोणा शेतकऱ्याचा, गावाचा वा संस्थेचा वाटा आहे का, हे सांगणे आवश्यक आहे. आदिवासी वा ग्रामीण कुटुंबांनी जपलेले जननद्रव्य वापरले असेल, तर कलम ४० नुसार ते उघड करावे लागते. न केल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो. कलम ३९ ने स्वतः वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकाराप्रमाणेच नोंदणीचा हक्क दिला आहे. म्हणजे नोंदणीच्या अर्जात जे सांगणे बंधनकारक, ते शोधनिबंधात ऐच्छिक, अशी विचित्र स्थिती आपण चालवून घेतो.

द्राक्षाच्या क्षेत्रात हे तुलनेने बरे झाले. ‘तास-ए-गणेश’ म्हटले की तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे आणि ‘सोनाका’ म्हटले की नान्नजचे नानासाहेब काळे, ही नावे तांत्रिक साहित्यातही आढळतात. बागायतदार संघटित होते, त्यांचा आवाज होता, हे त्याचे एक कारण असावे. कोरडवाहू पट्ट्यातील आणि डोंगरी पाड्यांतील बियाणे जपणाऱ्यांना, त्यातही स्त्रियांना, तो आवाज नाही.

या साखळीतील पहिली नोंद बहुधा शास्त्रज्ञ करीतच नाही; ती विस्तार कार्यकर्ता करतो. मीही ते काम केले आहे. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत एका आजींनी मडक्यात राखलेले तुरीचे बियाणे मी केंद्रावर आणून दिले आणि पाकिटावर ‘स्थानिक-२’ असे लिहिले. घाई होती, गाडी उभी होती. ते बियाणे आजींनी माहेरून आणले होते. त्या माहेरच्या गावाचे नाव त्यांनी मला सांगितले होते, हे आठवते. नाव आठवत नाही.

पाकिटावर शेतकऱ्याचे नाव, गाव, तालुका, नमुना घेतल्याची तारीख आणि बियाणे त्याच्याकडे कोठून आले हे लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. लेखात हीच माहिती ‘प्रत्यक्ष संभाषण’ म्हणून तारखेसह देता येते. छापील स्रोत नसणे ही अडचण नाही. शेवटी एका ओळीत आभार मानून हे काम भागत नाही, कारण आभार मदतीचे असतात, ज्ञानाच्या उगमाचे नव्हेत. निवड मुळात शेतकऱ्याचीच असेल, तर त्याला सहलेखक करण्याचा विचार व्हावा. मात्र नाव छापण्यापूर्वी विचारायला हवे. काही जणांना ते नको असते, आणि बियाण्याची माहिती गावाबाहेर जाऊ नये असे एखाद्या पाड्याला वाटू शकते. तोही त्यांचा अधिकार आहे.

प्रगतिशील शेतकरी वाचकांनाही एक विनंती. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे सांगून शिफारस पुढे केली जाते, तेव्हा कोणत्या केंद्रावर, कोणत्या जमिनीत, किती हंगाम, हे विचारा. आपल्या निवडीचे बियाणे कोणाला देताना तारीख व वजन वहीत लिहून घेणाऱ्याची सही घ्या. त्यात संकोच कसला?

ज्या लेखापासून सुरुवात केली, तो आम्ही परत पाठवला. तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. लेखक मोटारसायकलने त्या गावी जाऊन आले होते. शेतकऱ्याचे नाव, गाव आणि संमती तर होतीच. शिवाय वाण पाणथळ जमिनीत टिकत नाही, ही दोन हंगामांच्या चाचणीत न दिसलेली गोष्टही त्यांना तेथेच कळली. पुढील अंकात तो लेख दोघांच्या नावाने येत आहे.