उणीव, भीती आणि निवृत्ती

वैद्यकातील काही पुस्तके कादंबरीसारखी वाचावीत, असे आम्हांस वाटते. त्यांतही नायिका असते, संकट असते आणि तारणहारही असतो. डॉ. रॉबर्ट विल्सन यांचे १९६६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले 'फेमिनिन फॉरएव्हर' हे त्यांपैकीच एक. रजोनिवृत्ती ही वयाची अवस्था नसून इस्ट्रोजेनच्या उणिवेचा रोग आहे, आणि औषध घेतले की स्त्रीत्व अबाधित राहते, हा त्याचा मथितार्थ. पुस्तक प्रचंड खपले. लेखकामागे औषध कंपनीचा पैसा होता, हे वाचकांना फार उशिरा कळले.

'उणीव' या एका शब्दाने निम्मे काम केले होते. उणीव म्हटली की ती भरून काढणे हे कर्तव्यच ठरते. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बळावतो, हे १९७५ मध्ये दिसले. मग जोडीला प्रोजेस्टिन आले आणि कथा पुढे चालू राहिली.

जुलै २००२ मध्ये कथेने उलटे वळण घेतले. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी अभ्यासातील १६,६०८ स्त्रियांवरची संयुक्त संप्रेरकांची चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो, हा मथळा सर्वत्र झळकला. तीच गोष्ट अशीही सांगता आली असती: दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८ जणींना हा रोग झाला. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण एक घाबरवते, दुसरे विचार करू देते. पक्षाघाताचा धोका वाढला, तसे खुब्याचे अस्थिभंग कमी झाले. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे लोटली होती. मथळ्यात हे तपशील मावत नाहीत. असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या.

आजचे मत अधिक संयत आहे. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत, त्रास खरोखर असह्य असेल तर बहुतेकींना उपचाराचा लाभ धोक्याहून मोठा असतो. स्तनाचा कर्करोग वा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांवरील चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचे जाहीर केले. भीती ओसरली हे बरेच झाले. मात्र तिच्या जागी चिरतारुण्याची जुनी जाहिरात परतू नये.

आपल्या भाषेने या अवस्थेला 'निवृत्ती' म्हटले. प्रवृत्तीच्या जोडीने येणारा, तत्त्वज्ञानाचा भार वाहणारा हा शब्द. घरात मात्र "पाळी गेली" एवढ्या दोन शब्दांवर विषय संपतो. मध्यरात्री घामाने भिजून जागी होणारी, हाडे ठिसूळ होत चाललेली बाई डॉक्टरांपुढे बसते, तेव्हा तिच्यापाशी उणिवेची भाषा असते किंवा भीतीची. दोन्ही उसन्या. स्वतःचा त्रास स्वतःच्या शब्दांत सांगता येणे आणि समोरचा आकडा नीट वाचता येणे, या दोन गोष्टी तिच्या उपचाराचाच भाग आहेत. आणि वाचायला शिकवणे हे तर आपलेच काम.