किल्ला मोडू द्या, मावळे जपा!



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की वर्गात एक प्रश्न विचारून बघा. "किल्ला कोणी कोणी केला?" भराभर हात वर होतात. मग दुसरा प्रश्न विचारा. "किल्ल्यावरचे मावळे आता कुठे आहेत?" आता वर्ग शांत होतो. कोणी म्हणतं तुटले, कोणी म्हणतं आईने आवरताना टाकून दिले, कोणाला आठवतच नाही.

किल्ला मोडतो त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तो मोडायचाच असतो. दगड बाजूला जातात, माती कुंडीत जाते, पेरलेले अळीव सुकतात. पण महाराज, मावळे, तोफा, हत्ती, पहारेकरी, पाणी भरणारी बाई ही मातीची चित्रं मोडायची गरज नसते. ती मुलाने स्वतः रंगवावीत, स्वतः जपावीत आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा बाहेर काढावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. यात हौस तर आहेच, पण शिक्षणही आहे.

जपणं आपल्याला नवीन नाही

ज्येष्ठा गौरींचे मुखवटे आपण कसे ठेवतो आठवा. मऊ सुती कापडात गुंडाळून, वेगळ्या डब्यात, कोणाचा धक्का लागणार नाही अशा जागी. सासूकडून सुनेकडे ते तसेच जातात. तमिळ घरांत नवरात्रात बाहुल्यांची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करतात, तिला कोलू म्हणतात. त्या बाहुल्याही वर्षभर गुंडाळून ठेवतात आणि दरवर्षी त्यांत एखाद्या नव्या बाहुलीची भर पडते. घरातल्या मोठ्यांच्या वस्तू आपण इतक्या निगुतीने सांभाळतो, मग मुलांचे मावळेच तेवढे कचऱ्यात का?

परदेशात तर हा मोठ्या माणसांचा छंद आहे. अमेरिकेत 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला, इंग्लंडमध्ये 1983 मध्ये 'वॉरहॅमर' आला. राक्षस, जादूगार, योद्धे अशा जेमतेम इंचभर उंचीच्या आकृत्या लोक तासन् तास बसून रंगवतात आणि कप्प्यांच्या पेट्यांमध्ये ठेवतात. खेळ तासाभराचा, रंगकाम महिन्याचं! आपल्याकडे हीच गोष्ट अंगणात होती. आपण तिला छंद म्हटलं नाही, इतकंच.

रंगवताना मूल काय शिकतं?

हल्ली रंगवलेले मावळेच काय, अख्खा तयार किल्लाही विकत मिळतो. विकत आणू नका असं मी म्हणत नाही. पण निदान चार-पाच चित्रं बिनरंगाची आणा. कुंभाराला आधी सांगून ठेवलं तर मिळतात. नाहीतर घरी शाडूची करा, किंवा गेल्या वर्षीचे रंग उडालेले मावळे पुन्हा रंगवा.

पद्धत सोपी आहे. कच्च्या शाडूचं चित्र असेल तर ते सावलीत पूर्ण वाळू द्या, उन्हात तडकतं. जुन्या बाटलीच्या झाकणावर थोडी मळलेली कणीक लावून त्यावर मावळा बसवा, म्हणजे ओल्या रंगाला बोट लागत नाही. आधी पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात द्या. हा वाळल्याशिवाय पुढचा रंग नको. रंगात पाणी बेताचंच घाला, कारण कच्ची माती पाणी पिते आणि नाक-कान विरघळतात! आधी अंगरखा, पागोटं अशा मोठ्या जागा, मग ढाल-तलवार आणि डोळे सगळ्यात शेवटी. डोळ्यांसाठी ब्रश नको, टोकदार काडी घ्या.

आता बघा, एवढ्याशा कामात किती गोष्टी आल्या. थांबायचं कधी, कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हात स्थिर कसा ठेवायचा. मुख्य म्हणजे प्रश्न सुरू होतात. मावळ्याचा अंगरखा कोणत्या रंगाचा? सगळ्यांचा सारखाच असायचा का? पायात काय असायचं? तलवार कोणत्या हातात? हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकासमोर बसून सहसा पडत नाहीत, हातात ब्रश असला की पडतात.

आपल्या नाशिकच्या मुलांचं तर नशीबच मोठं आहे. शहराच्या जवळच रामशेज आहे. 1682 मध्ये मुघलांनी त्याला वेढा घातला आणि हा छोटासा किल्ला काही वर्षं झुंजत राहिला. गडावर तोफा कमी होत्या म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडं मढवलं, असं सांगितलं जातं. मुलांना ही गोष्ट सांगा आणि मग विचारा, "तुझ्या तोफेला काळा रंग द्यायचा की तपकिरी?" बघा, वर्गात वाद कसा रंगतो! बागलाणातला साल्हेर 1567 मीटर उंच. 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत आपला हा साल्हेर आहे. हे मुलांना माहीत असायला हवं की नको?

आणि मुलाने मावळ्यांशेजारी प्लास्टिकचा स्पायडरमॅन उभा केला, किल्ल्यापेक्षा मोठा वाघ बसवला, तर हसू नका. मावळ्याच्या ढालीवर ड्रॅगन काढला तरी चालेल. इतिहास कोणता आणि आपली कल्पना कोणती, एवढं त्याला सांगता आलं की झालं.

ठेवायचं कसं?

पालकांची पहिली तक्रार जागेची असते. मान्य आहे. पण त्यासाठी एकच खोका लागतो. नाशिकच्या घरात द्राक्षांचा पुठ्ठ्याचा खोका मिळणार नाही असं होईल का? त्यात अंड्यांचा ट्रे बसेल तेवढा कापून ठेवा, एका खळग्यात एक मावळा. मोठी चित्रं जुन्या सुती कापडात गुंडाळा. रंग पूर्ण वाळल्याशिवाय काही गुंडाळू नका, कापड चिकटतं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, ओल आत कोंडते. नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यात टाका, मात्र खोका लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. पावसाळ्यात खोका जमिनीवर नको, भिंतीला टेकवूनही नको. गणपती गेले की एकदा उघडून बघायचा. हात तुटला असेल तर फेविकॉल आहे, रंग उडाला असेल तर ब्रश आहे.

खोक्यावर मुलाचं नाव आणि आत काय काय आहे त्याची यादी मुलानेच लिहायची. 'घोडेस्वार 2, पैकी एकाचा भाला नाही.' हेही लेखनच आहे की!

आपण शिक्षकांनी काय करावं?

'मी मावळा बोलतोय' हा आत्मकथनाचा निबंध आपण वर्षानुवर्षं देतो. वह्या तपासताना काय दिसतं? निम्म्या वर्गाचा मावळा एकच वाक्य बोलतो, कारण सगळ्यांनी एकाच नमुन्यावरून उतरवलेलं असतं. मुलांना दोष देऊन काय उपयोग? ज्याने मावळा कधी हातात धरून नीट पाहिला नाही, तो त्याच्या तोंडी काय घालणार? पण ज्या मुलीने आपल्या मावळ्याची मोडलेली तलवार चिकटवली आहे, वर्षभर त्याला खोक्यात ठेवलं आहे, तिला नमुना निबंध लागत नाही. अंधारात वर्ष कसं गेलं, शेजारच्या खळग्यात कोण होतं, झाकण उघडल्यावर पहिलं काय दिसलं, हे ती स्वतःचं स्वतः लिहील. शुद्धलेखन चुकेल कदाचित, पण वाक्य तिचं असेल.

किल्ला स्पर्धेतही थोडा बदल करू या. सगळ्यात उंच किल्ल्याला बक्षीस दिलं की तो किल्ला बाबा आणि काका बांधतात, मूल नुसतं फोटोत उभं राहतं. त्याऐवजी गेल्या वर्षीचे किती मावळे यंदा किल्ल्यावर आहेत, कोणते स्वतः रंगवले, कोणते दुरुस्त केले, यालाही गुण ठेवा. यात खर्च करणाऱ्याला वेगळा फायदा नाही, म्हणून ही स्पर्धा सगळ्यांना सारखी.

पालकहो, तुमच्यापैकी बरेच जण आता फ्लॅटमध्ये राहता. अंगण नाही, माती आणायची कुठून, पार्किंगमध्ये किल्ला करू देत नाहीत. हे सगळं खरं आहे. किल्ल्याची जागा कदाचित आणखी आक्रसत जाईल. एखाद्या वर्षी बाल्कनीत पाटावर चार दगड मांडूनच भागवावं लागेल. अशा वेळी घरात मावळ्यांचा खोका असेल तर पाटावरही किल्ला उभा राहतो. खोका नसेल तर मुलाने सुरुवात कुठून करायची?

तेव्हा यंदा तुळशीचं लग्न झालं आणि किल्ला आवरायला घेतला, की झाडू हातात घेण्याआधी मुलाच्या हातात एक रिकामा खोका द्या.