गवतकापणी यंत्र : आधी ओळख, मग वापर

पावसाळा ओसरला की कोकणातील आंबा-काजूच्या बागांत कंबरभर वाढलेले गवत कापण्याची घाई सुरू होते. पूर्वी हे काम विळा व कोयता यांनी होत असे. आता मजुरांच्या टंचाईमुळे खांद्यास अडकवून चालविण्याचे इंजिनाचे यंत्र, ज्यास सर्वत्र ग्रास कटर म्हणतात, ते खेडोपाडी पोहोचले आहे. ही प्रगती स्वागतार्ह होय. परंतु यंत्र ज्या वेगाने घरी येते, त्या वेगाने त्याचे ज्ञान घरी येत नाही. विळ्याची मूठ कोणती आणि धार कोणती, हे शेतकऱ्याच्या मुलास शिकवावे लागत नाही. यंत्राचे तसे नाही. ज्या अवयवाचे नाव व काम ठाऊक नाही, त्याची निगा राखली जात नाही आणि त्याचा धोकाही ओळखता येत नाही.

गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील स्ट्राउड येथे एडविन बडिंग याने 1830 साली तयार केले. कापड गिरणीत कापडावरील लव छाटणाऱ्या यंत्रावरून त्यास ही कल्पना सुचली. त्यात फिरती पाती एका स्थिर पात्यावर घासून जात व गवत कात्रीप्रमाणे कापले जाई. आजच्या ग्रास कटरची रीत वेगळी आहे. येथे एकच पाते मिनिटाला हजारो फेरे घेते आणि केवळ वेगाच्या तडाख्याने गवत तोडते. पात्याची धार गेली की गवत कापले न जाता फाटते, इंजिनावर ताण पडतो व इंधन जास्त जळते. याच वेगामुळे पात्यास लागलेला खडा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो.

म्हणूनच पात्यामागील संरक्षक पत्रा, म्हणजे गार्ड, हा शोभेचा भाग नव्हे. तो अडचणीचा वाटतो म्हणून काढून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती सर्वथा त्याज्य होय. थोडे जादा काम उरकण्यासाठी डोळा किंवा पाय गमावण्यात कसले आले शहाणपण? गार्ड बसविलेला असला तरी चष्मा व पायात जाड बूट असावेत आणि इतर माणसे व जनावरे निदान 15 मीटर दूर असावीत. इंजिन मंद गतीत असताना पाते थांबलेलेच राहिले पाहिजे, कारण वेग वाढल्यावरच क्लच पात्यास गती देतो. मंद गतीतही पाते फिरत असेल, तर दुरुस्तीवाचून यंत्र वापरू नये.

इंजिन दोन-स्ट्रोक आहे की चार-स्ट्रोक, हा खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न असावा. दोन-स्ट्रोक इंजिनात वंगणतेलासाठी वेगळी जागा नसते, म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. 50 ला 1 म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये 20 मिलिलिटर तेल, आणि 25 ला 1 म्हणजे 40 मिलिलिटर. नुसते पेट्रोल घातल्यास पिस्टन जाम होऊन इंजिन निकामी होते. चार-स्ट्रोक इंजिनात मात्र तेल वेगळे भरतात व पेट्रोल शुद्ध असावे लागते. हवेची गाळणी धुळीने भरली की इंजिन धूर ओकते व जोर कमी होतो. ती वेळोवेळी साफ करणे हे घरचे काम आहे, त्यासाठी तालुक्याला जावयास नको.

यंत्राइतकेच गवतही ओळखले पाहिजे. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून ते कापल्यावर पुन्हा फुटते व त्याची मुळे माती धरून ठेवतात. उताराच्या बागेत व बांधावर जमीन खरवडून उघडी करण्यापेक्षा दोन-तीन बोटे गवत राखून कापणे श्रेयस्कर होय. बी धरण्यापूर्वी कापलेले गवत झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावे. मात्र कलमांच्या बुंध्याजवळ यंत्र नेऊ नये. पातेच काय, नायलॉनची दोरीसुद्धा कोवळी साल सोलून काढते, आणि साल चहूबाजूंनी गेली की कलम वाळते. बुंध्याभोवतीचे हातभर गवत विळ्यानेच काढावे. यंत्र आले म्हणून विळा अडगळीत टाकण्याचे कारण नाही.

या बाबतीत ग्रामकार्यकर्त्यांची जबाबदारी मोठी आहे. अनुदानाचा अर्ज भरून दिला की काम संपले, अशी समजूत नसावी. हंगामापूर्वी गावातील एक यंत्र चावडीपुढे उघडून प्रत्येक अवयव हातात देऊन दाखवावा, आणि जो प्रत्यक्ष यंत्र चालविणार त्या मजुरासही तेथे अगत्याने बोलवावे, कारण इजा प्रथम त्यासच होते. विक्रेत्याने इंजिनाचे आकडे सांगितले म्हणून भुलून न जाता, सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात काय, हे शेतकरी बंधूंनी विचारावे. यंत्र पैशाने विकत घेता येते, त्यावरची हुकमत मात्र ज्ञानानेच मिळते.