शाळेबाहेरचा अभ्यास आणि कॉलेजचे दार

आमची नात यंदा नववीत आहे. मागील महिन्यात ती गादीवर येऊन म्हणाली, "आजोबा, शाळा सोडून मी घरीच अभ्यास केला तर कॉलेजात घेतील का?" आम्ही त्या वेळी तुरीचा नमुना पाहत होतो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. म्हणून उत्तर लगेच दिले नाही. चौकशीअंती जे मत झाले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहों.

मुंबईच्या मालविका जोशी हिला तिच्या आईने सातवीतच शाळेतून काढून घरी शिकविले. संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य व एक कांस्य पदक मिळविले. तरीही बारावीचा दाखला नाही, म्हणून आय.आय.टी.चे दार बंद राहिले. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मात्र तिला एम.एस्सी.च्या पातळीवर घेतले, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.ने शिष्यवृत्ती देऊन बोलाविले. पोत्यात नळी खुपसून दाणा तळहातावर घ्यावा, मग बोली करावी, ही आपली रीत. येथे दाणा पाहिला परदेशाने. आपण पोत्यावरचा छापच वाचीत बसलो! २०२५ मध्ये कानपूर व मद्रास येथील आय.आय.टी.ने ऑलिंपियाडवरून थोड्या जागा देण्यास आरंभ केला, परंतु बारावी तेथेही सुटलेली नाही.

तथापि एका पोत्यावरून सबंध गाडीचा भाव करता येत नाही. सामान्य मुलास राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी-बारावी आहे. त्याही वाटेत काटे होतेच. २०१८ मध्ये वैद्यक परिषदेने या मुलांस डॉक्टरकीच्या प्रवेशातून वगळले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. आपल्या राज्यात इंजिनिअरिंगच्या यादीसाठी सी.ई.टी.चे निम्मे व पी.यू.सी.चे निम्मे गुण धरतात, हेही विसरू नये.

लातूरला खोली करून, कॉलेजात नुसते नाव घालून क्लासला बसणे, यास मात्र आम्ही स्वतंत्र अभ्यास म्हणत नाही. आमच्या धाकट्या चिरंजीवांस आम्ही असेच एका क्लासात घातले. दोन वर्षांनी ते परत आले ते गादीवर बसण्यासाठीच. फी गेल्याचे दुःख नाही; त्यानंतर त्यांनी पुस्तक हाती धरले नाही, याचे आहे. स्वाध्याय हा शब्द आपल्या घराघरांत रोज उच्चारला जातो. मुलास स्वतः वाचू देण्याचा धीर मात्र आम्हांस झाला नाही.

नातीस आम्ही सांगितले, "दाखला घरात असू दे. शाळेत नाव ठेव, संध्याकाळ तुझी." ती म्हणाली, "आणि दिवस कोणाचा?" यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आपल्या संघटनेच्या इमारतीतील वरचा हॉल वार्षिक सभेपुरताच उघडतो. तेथे मुलांसाठी विज्ञान-गणिताची पुस्तके ठेवून तो रोज संध्याकाळी उघडावा, अशी आमची सूचना आहे. कपाटे व दिवे आम्ही देऊ. किल्ली कोणाकडे राहावी, एवढे कार्यकारी मंडळाने ठरवावे.