जाळीखालचे पाणी कुठे जाते?




अंगण, गाडी किंवा रंगाचे डबे धुतलेले पाणी रस्त्याकडेच्या लोखंडी जाळीत गेले की आपल्याला वाटते, काम झाले. घरातले सांडपाणी ड्रेनेजने कबीटखेडीसारख्या शुद्धीकरण केंद्राकडे जाते. पावसाळी नालीचे तसे नाही. तिचे पाणी शुद्ध न होताच नाल्यात, तिथून कान्ह किंवा सरस्वती नदीत जाते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ या दोघी एक होतात आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते. म्हणजे आपण इथे सोडलेले तेल आपलीच आजी पर्वस्नानाला जाते त्या वाटेने निघते. 2016 च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी घाटांना वळसा घालून नेण्यासाठी पाइपलाइन टाकावी लागली. इंदूरकरांनी हे विसरू नये.

2021 साली आपले शहर देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर ठरले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण जाळीत ओतलेले तेल प्रमाणपत्राने अडत नाही.

काही पालक म्हणतात, "कर भरतो, हे काम नगर निगमचे." नाली साफ करणे निगमचेच काम आहे, मुलांनी नालीत मुळीच उतरू नये. पण जाळीत काय पडावे हे आपल्या दारात ठरते. तिथे निगम रोज पहारा ठेवू शकत नाही.

पहिला पाऊस रस्त्यावरचे महिनोन्‌महिन्यांचे तेल, धूळ आणि गुटख्याचे पाऊच एकदम वाहून नेतो. म्हणून सुट्ट्या असल्या तरी मृगाआधीचे दोन रविवार आम्हाला हवे आहेत. पालक आणि नववी-दहावीचे विद्यार्थी आपापल्या कॉलनीत जाळ्यांभोवतीचा पालापाचोळा, रेती, कचरा झाडून उचलतील. झोन कार्यालयाची परवानगी घेऊन जाळीशेजारी 'हे पाणी नदीला जाते' असे रंगवतील. रंगपंचमीच्या गेरनंतरही अशीच एक सकाळ द्यावी.

घरी एवढे पाळावे: अंगण धुण्याआधी झाडावे. सांडलेल्या तेलावर भुसा टाकून तो उचलावा. गाडी ओल्या फडक्याने पुसावी.

विश्वस्तांनी झाडू, हातमोजे आणि रंगाचा खर्च मंजूर करावा, तसेच शाळेच्या बसेस कुठे धुतल्या जातात याची चौकशी करावी, ही विनंती. 2028 साली पुन्हा सिंहस्थ आहे. त्याची तयारी उज्जैनच्या घाटावर नव्हे, आपल्या गल्लीत सुरू होते.