कटऑफच्या आकड्याला घाबरता कशाला?

सीईटीचा निकाल लागला की वस्त्यावस्त्यांत, विहाराविहारांत गेल्या वर्षीच्या कटऑफचे कागद फिरू लागतात. आपली मुले त्यातला फक्त एससीचा रकाना पाहतात. पुण्याच्या सीओईपीला किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयला दोन पर्सेंटाइल कमी पडतात असे दिसले, की ते नावच यादीतून गाळतात. ज्याने मागितलेच नाही त्याला कोणी नाकारलेलेही नसते. मग दाद कोणाविरुद्ध मागायची?

कटऑफ ही कोणी आधी ठरवलेली पात्रता नव्हे. गेल्या वर्षी त्या जागांवर शेवटी बसलेल्या विद्यार्थ्याचे ते गुण. जागा वाढल्या, नवी शाखा निघाली, की आकडा हलतो. एकाच वर्षात पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचा आकडासुद्धा सारखा नसतो.

राज्याच्या कॅप फेरीत संगणक गुणवत्तायादीतले एकेक नाव घेतो आणि त्या विद्यार्थ्याच्या पसंतीतला, जागा शिल्लक असलेला, सर्वांत वरचा पर्याय देतो. वरचे कॉलेज मागितले म्हणून खालच्यावरचा हक्क जात नाही. तेव्हा क्रम इच्छेने लावावा. कटऑफ पाहायचा तो यादी किती खालपर्यंत न्यायची हे ठरवण्यासाठी. उलटे केले तर नुकसान पक्के. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात नियम असा होता की, पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला, की जागा आपोआप कायम आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद. ‘निदान हे तरी मिळेल’ म्हणून वर लिहिलेले कॉलेजच गळ्यात पडते.

आता खरा मुद्दा. खुला रकाना म्हणजे सवर्णांचा रकाना, हा समज आपल्याच घरांत घट्ट बसला आहे. तो बसावा अशी काहींची इच्छाही असते! खुली जागा सर्वांची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी (१९९२) पासून सौरव यादव (२०२०) पर्यंत सांगितले आहे. रितेश साह (१९९६) खटल्याचा निकाल तर वैद्यकीय प्रवेशाचाच. खुल्या गुणवत्तेत बसणारा मागासवर्गीय विद्यार्थी पसंतीच्या कॉलेजासाठी राखीव जागा घेऊ शकतो, पण तो आरक्षणाच्या टक्केवारीत मोजला जात नाही. म्हणजे राज्यातले अनुसूचित जातीचे १३ टक्के ही आपली किमान संख्या आहे, कमाल नव्हे.

काही हुशार मुले शिक्का नको म्हणून अर्जात जातच लिहीत नाहीत. त्याने खुल्या जागेवरचा हक्क तसूभरही वाढत नाही. राखीव जागा आणि शिष्यवृत्ती मात्र हातची जाते. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तरीही शिष्यवृत्तीला मुकावे लागते, हे पैसे भरण्याआधी पालकांनी विचारून घ्यावे.

जातवैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच अर्ज करा. आणि पसंतीक्रम सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका. वस्तीतली जी मुले गेल्या वर्षी या फेऱ्यांतून गेली, त्यांना विहारात बोलावून त्यांच्या समोर यादी भरा.