नशा डोक्याची, घाव मूत्रपिंडावर

दिवाळी अंकात चकली-करंजीच्या गोष्टी लिहाव्यात, रोगराईच्या नव्हेत, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. पण विषयच उंबऱ्याशी आला, त्याला काय करावे? एप्रिल २०२५ मध्ये शेजारच्या चाकूर तालुक्यातील रोहिणा गावी महसूल गुप्तचर संचालनालयाने धाड घालून ११ किलोंहून अधिक मेफेड्रोन पकडले. तेव्हापासून शिरूर अनंतपाळच्या माझ्या दवाखान्यातील बाकावर हीच चर्चा. एका वयस्कर शेतकरी गृहस्थांनी मला विचारले, “डॉक्टरसाहेब, नशा तर डोक्याला चढती, मग लघवी तपासायची ती कशापायी?”

प्रश्न मोठा मार्मिक आहे.

बाजारात ‘एम. डी.’ म्हणतात ते मेफेड्रोन आणि मेथॅम्फेटामाइन ही चुलत भावंडे. मेथॅम्फेटामाइन हे जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई यांनी १८९३ साली एफेड्रिनपासून बनवले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी त्याच्या गोळ्याही वाटल्या गेल्या. दोन्हींचा धंदा एकच : मेंदूतील उत्तेजक रसायनांचा साठा एकदम उधळणे. भूक, तहान, झोप, थकवा सारे विसरते. माणसाला वाटते, बळ आले. बळ कसले? ती ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल; फेड अंगावर काढायचीच असते.

ही फेड मूत्रपिंडे कशी करतात पाहा. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर तेवढा लघवीवाटे बाहेर टाकतात. नशेत रक्तवाहिन्या आवळतात, गाळण्यांना रक्त कमी पडते. अंग भट्टीसारखे तापते, तहानेची जाणीव नसते. त्यातून आपल्याकडचा वैशाख! स्नायू ताणून ताणून अखेर विरघळू लागतात, आणि त्यांतील मायोग्लोबिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. ठिबकच्या नळ्यांत गाळ बसावा तसे ते मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत अडकते व त्यांना इजाही करते. लघवी काळ्या चहासारखी दिसते, मग थेंबथेंब होते, कधी बंदच होते. म्हणून बाबा, लघवी तपासायची!

बाकीची इंद्रियेही सुटत नाहीत. हृदयाचे ठोके बिघडतात, हृदयाचा स्नायू सैल पडून फुगतो. तरण्याताठ्या माणसाला झटका येतो. रक्तदाब चढून मेंदूत रक्तस्राव होतो. भास होतात, संशय बळावतो, दात किडून पडतात. रक्तदाब वर्षानुवर्षे चढता राहिला, तर मूत्रपिंडे गुपचूप झिजतात. जवळजवळ निम्मी शक्ती गेल्यावरच क्रिएटिनिनचा आकडा बोलू लागतो.

माझे सांगणे एवढेच : घरातल्या कोणाची अशी अवस्था दिसली, तर अब्रूच्या भीतीने “ऊन लागले” म्हणून वेळ घालवू नका. सावलीत घ्या, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला आणि तडक इस्पितळ गाठा. अंगदुखीवर दुकानातली गोळी देऊ नका. कित्येक वेदनाशामके अशा वेळी मूत्रपिंडाला अधिकच इजा करतात. आणि डॉक्टरला खरे सांगा. वेळेवर सलाईन, गरज पडल्यास डायलिसिस मिळाले, तर अचानक बंद पडलेली मूत्रपिंडे पुष्कळदा पुन्हा कामाला लागतात. खोटे सांगितल्याने जातो तो वेळ मात्र परत येत नाही.

कायद्याचे भय वाटत असेल, तर ऐका. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ हे सेवनाच्या वा अल्प साठ्याच्या गुन्ह्यातील व्यसनी माणूस आपणहून मान्य संस्थेत उपचार घेत असल्यास त्याला खटल्यापासून संरक्षण देते. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून या कामी आहे, आणि १४४४६ हा सरकारी मदतीचा क्रमांक विनामूल्य आहे.

भाऊबीजेला घरी आलेला भाचा-पुतण्या रात्र रात्र जागत असेल, जेवणाकडे पाहत नसेल, तर त्याला चारचौघांत झापू नका. बाजूला बसवून आधी पाण्याचा तांब्या द्या, मग विचारा. मी पुष्कळांना सुधारताना पाहिले आहे. पण विचारणारे कोणीतरी जवळ लागते.